समुद्रकाठी तंबू कोठे ठोकावा?

शाळेचे शिबिर कोकण किनाऱ्यावर न्यायचे ठरले, की बहुधा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडला जातो. चांदणे असते, मुलांना आनंद वाटतो. पण नेमक्या याच दिवशी जागा निवडताना फसगत होण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. असे का, ते पाहू या.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा किनाऱ्यावर प्रचलित आहे. तिथीला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. दोन्ही पक्षांना तो लागू पडतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला (१५ × ३/४) सव्वाअकरा. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणजे पौर्णिमेला सकाळी सव्वाअकराला भरती, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि रात्री पावणेबाराच्या सुमारास पुन्हा भरती.

आपण सायंकाळी पोहोचतो तेव्हा पाणी सर्वांत दूर गेलेले असते. रुंद, सपाट, घट्ट वाळू तंबूसाठी अगदी योग्य वाटते. मुले गाढ झोपतात त्या वेळी मात्र पाणी सर्वांत वर येते. शिवाय सूर्य व चंद्र यांची ओढ एकाच रेषेत असल्याने या दिवसांत उधाण असते; त्याचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत अधिक असतो.

पाणी किती आत येईल? समजा, किनाऱ्याचा उतार ५० मीटरला १ मीटर आहे आणि पाणी अडीच मीटर चढले, तर ते १२५ मीटर आत सरकेल. पाणी सारख्या वेगाने चढत नाही हेही ध्यानात ठेवावे. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मी चढण होते. आपल्या उदाहरणात ही वेळ साडेसात ते साडेनऊ, म्हणजे जेवणाची आणि शेकोटीची!

मग सुरक्षित जागा कशी ओळखावी? वाळूवर काटक्या, शिंपले व वाळके शेवाळ यांची ओळ दिसते. ती अलीकडच्या भरतीची खूण. परंतु अष्टमीच्या सुमारास पडलेली ओळ उधाणात पाण्याखाली जाते. म्हणून वनस्पतींची साक्ष अधिक विश्वासार्ह. आपट्यासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळी फुले असलेली वेल भरतीच्या पाण्याच्या वरच्या बाजूला वाळूवर पसरते. तिचे नाव मर्यादवेल! तंबू तिच्याही मागे, उंचवट्यावर असावा. वेल मात्र तुडवू नये. ती वाळू धरून ठेवते.

खाडीच्या मुखाजवळची जागा टाळावी, कारण तेथे ओहोटीची ओढ जबरदस्त असते. नारळाखाली तंबू नको. सुरूच्या बनात वाळक्या पानांचा थर चटकन पेटतो, तेव्हा चूल बाहेर मोकळ्या वाळूत मांडावी. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. म्हणून रात्री ठिणग्यांची दिशा बदलते. नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री कासविणी अंडी घालायला येतात, तेव्हा किनाऱ्यावर प्रखर दिवे लावू नयेत.

शिबिरात मुलांना एक प्रयोग देता येईल. सायंकाळी पाण्याच्या कडेला काठी रोवावी. शिक्षकांच्या देखरेखीखाली, पाण्यात न उतरता, दर अर्ध्या तासाने नव्या कडेवर दुसरी काठी रोवावी आणि वेळ लिहावी. सकाळच्या ओहोटीत काठ्यांमधील अंतरे मोजून आलेख काढावा. उतार सर्वत्र सारखा नसतो, त्यामुळे अंतरे नियमात चपखल बसणार नाहीत. ती का बसली नाहीत, हे मुलांनाच शोधू द्यावे.