बागेतली यंत्रं : भाग ७ – चेनसॉचा बार किती इंची घ्यावा?

मागच्या भागात पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण पाहिलं. आज बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी, आणि चेन. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा पडलेल्या माडा-आंब्यांतून वाट काढताना चेनसॉची किंमत सगळ्यांना कळली. तेव्हापासून घ्यायला जाणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘बार केवढा?’ आणि लांब बारचं यंत्र उचलतो. माझं सांगणं उलट आहे. इंजिनाची ताकद बघा, नेहमी कापायच्या लाकडाची जाडी बघा आणि त्याला पुरेल तेवढाच बार घ्या.

ताकद म्हणजे नुसते सीसी नव्हेत. स्टिल कंपनीचं एमएस २५० हे ४५.४ सीसीचं यंत्र २.३ किलोवॉट देतं, तर ५०.२ सीसीचं एमएस २६१ देतं ३ किलोवॉट. सीसी दहा टक्क्यांनी वाढले, ताकद तीस टक्क्यांनी. म्हणून खोक्यावर ‘५८ सीसी, २२ इंच’ छापलेलं दिसलं, तरी किलोवॉट किती ते विचाराच.

बार वाढला की चेन वाढते. ७ दाती स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) आणि .३२५ पिचची चेन (पिच म्हणजे काय ते पुढे येतंच) घेतली, तर मिनिटाला ९,००० फेऱ्यांना चेन सेकंदाला सतरा मीटरहून जास्त पळते, आणि तीही बारच्या खाचेत घासत. त्यात जाड खोडात बार पूर्ण रुतला की एकाच वेळी कितीतरी दात लाकूड ओढू लागतात. फेरे पडतात, कापणारा वरून दाबतो, क्लच घसरतो, ड्रम तापतो. तेलाचा पंप लहान असेल तर बारच्या टोकापर्यंत तेल पोचत नाही. बारच्या कडा निळसर पडलेल्या दिसल्या, तर हेच झालंय असं समजा.

साधारण हिशेब असा: ३५-४० सीसीला १४ ते १६ इंच, ४५-५५ सीसीला १६ ते १८, ६०-७० सीसीला २० ते २४. त्याहून लांब बार ९० सीसीच्या पुढच्या यंत्रांसाठी. कंपनी ‘जास्तीत जास्त’ म्हणून जी लांबी देते, ती मी रोजच्या कामाला धरत नाही. वाळलेल्या बाभळीत तर मुळीच नाही. एखादं खोड बारपेक्षा जाड निघालं, तर ते दोन्ही बाजूंनी कापता येतं.

आता चेन. इथे तीन मापं जुळायला हवीत. पहिलं पिच: लागोपाठ तीन रिवेटांमधलं अंतर मोजा आणि निम्मं करा. लहान यंत्रांना तीन सुती, म्हणजे ३/८ इंची, पण बुटक्या दातांची ‘लो प्रोफाइल’ चेन असते, मधल्यांना बहुधा .३२५, मोठ्यांना पूर्ण उंचीची ३/८. दोन्ही ३/८ चेनचा आकडा एकच, म्हणून दुकानदार एकीऐवजी दुसरी काढून देतो. ती घेऊ नका, स्प्रॉकेटवर नीट बसत नाही. चेन, स्प्रॉकेट आणि बारच्या टोकाची चकती, तिन्ही एकाच पिचची हवीत.

दुसरं गेज, म्हणजे खाचेत फिरणाऱ्या खालच्या कडीची जाडी. ती बहुधा १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते, व्हर्नियरने मोजा. १.५ च्या खाचेत १.३ ची चेन चढते, फिरतेही, पण डुलते. काप तिरका जातो आणि चेन उतरू शकते. हाताशी आहे म्हणून अशी चेन कधीही चढवू नका.

तिसरं, या खालच्या कड्यांची संख्या. १८ इंची बारला एका कंपनीच्या यंत्रावर ६८, तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ७२ कड्या लागतात. ‘अठरा इंचाची चेन द्या’ एवढ्यावर थांबू नका. जुनी चेन सोबत न्या, नाहीतर बारच्या मुळाशी कोरलेले आकडे कागदावर उतरवून न्या. त्याच फेरीत कानसही घ्या: लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची, .३२५ ला ४.८ ची.