आधी अंदाज, मग बल्ब

फेट या ऑनलाइन साधनातल्या विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये पडद्याच्या उजव्या कडेला एक छोटा चौकोन असतो. विद्युतधारा दाखवायची की नाही, ते त्यावर ठरतं. सिम्युलेशन उघडलं की त्यात टिक आधीच केलेली असते. बॅटरी, तार आणि बल्ब जोडायचा अवकाश, निळे इलेक्ट्रॉन तारेतून रांगेनं चालू लागतात. दिसायला फार छान. पण वर्गात नेण्याआधी पहिलं काम करायचं ते ही टिक काढण्याचं. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेत ऑनलाइन साधनांबद्दल मी जे काही शिकले, त्यातलं बरंचसं या एका टिकेत येतं. ही साधनं उत्तर फार लवकर सांगून टाकतात. ते थोडा वेळ अडवून धरणं हे शिक्षकाचं काम.

बी.एड. दोन वर्षांचं झालं २०१५पासून. त्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा, म्हणजे आयसीटीचा, एक स्वतंत्र विषय आहे, आणि कॉलेजात त्याचा अर्थ पुष्कळदा पीपीटी असा होतो. पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’ नावाचा रकाना असतो. पूर्वी तिथं तक्ता आणि प्रतिकृती लिहीत, आता पीपीटी आणि व्हिडिओ लिहितात. रकाना भरला की निरीक्षकांचे गुण मिळतात. सूक्ष्म अध्यापनात छत्तीस मिनिटांचं चक्र असतं: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं अभिप्राय ऐकायचा, बारा मिनिटांत पुन्हा आखणी करायची, मग परत सहा मिनिटं शिकवणं आणि सहा मिनिटं अभिप्राय. हे चक्र कितीतरी वेळा फिरलं, पण पडद्यावर काय दाखवू नये याचं कौशल्य त्यात कुठं नव्हतं. प्रस्तावना कौशल्य होतं, फलकलेखनाचं होतं, प्रश्न विचारण्याचंही होतं.

माझी आंतरवासिता मोहोळ तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत झाली. या भागात तंत्रज्ञानाची नवलाई नाही. शेजारच्याच माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. ही गोष्ट इथल्या पोरांना पाठ आहे. बालभारतीच्या पुस्तकात आता कोड असतातच. फोनचा कॅमेरा चालत नसेल तर कोडाखालची सहा अक्षरं २०१७मध्ये सुरू झालेल्या दीक्षा ॲपमध्ये टाइप करायची, की त्या धड्याचं साहित्य उघडतं. नेट असताना ते उतरवूनही ठेवता येतं.

माझा शोध तिथूनच सुरू झाला. नववीच्या विज्ञानातला ‘धाराविद्युत’ हा पाठ माझ्याकडे होता. व्हिडिओ पुष्कळ मिळाले. काही चांगले होते, काहींत पुस्तकच वाचून दाखवलं होतं. पण चांगल्या व्हिडिओचीही एक अडचण असते. तो स्वतःच प्रश्न विचारतो, दोन सेकंद थांबतो आणि स्वतःच उत्तर देतो. वर्ग शांत बसतो आणि बाजूला उभ्या असलेल्या छात्राध्यापिकेला शिस्तीचे पूर्ण गुण मिळतात. सी-डॅक मुंबई आणि अमृता विश्वविद्यापीठम् यांचं ऑनलाइन लॅब्स हे संकेतस्थळही बघितलं. तिथं प्रयोग क्रमानं करता येतात: साहित्य, कृती, वाचनं, निष्कर्ष. प्रयोगवहीसाठी ते उत्तम. मला मात्र अशी जागा हवी होती की जिथं पोरांना चुकीची जोडणी करता येईल.

ती फेटमध्ये सापडली. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. नोबेल मिळालेला माणूस शाळेतल्या बल्बांकडे वळतो, हे मला अजून थोडं आश्चर्याचं वाटतं. परिपथाच्या या सिम्युलेशनमध्ये बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली तर बॅटरी पेट घेते. नाणं जोडून बघता येतं, पेन्सिल, खोडरबर, अगदी कुत्रासुद्धा जोडता येतो. मुख्य सोय अशी की अख्खं सिम्युलेशन एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि मग ते नेटशिवाय चालतं. आमच्या शाळेत नेट यायचं ते संगणक कक्षाच्या खिडकीपाशी, आणि लाइटचं वेळापत्रक महावितरणचं महावितरणलाच ठाऊक. म्हणून ऑनलाइन साधनाचा माझा पहिला नियम असा झाला की ते रात्री घरी ऑफलाइन करून, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्यायचं.

दुसरं साधन म्हणजे प्लिकर्स. नववीत कुणाकडे फोन नव्हता, असला तरी तो शाळेत आणायचा नाही. प्लिकर्समध्ये प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक काळं-पांढरं कार्ड द्यायचं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकानं फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. अक्षर इतकं बारीक असतं की शेजाऱ्याला डोकावूनही कळत नाही. कार्डं साध्या कागदावरच छापावीत. चकचकीत लॅमिनेशन केलं की ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडतो आणि कॅमेऱ्याला काहीच वाचता येत नाही. एरवी कधीच हात वर न करणारी मागच्या बाकावरची मुलंही कार्ड वर धरतात.

फोनवर उत्तरांचा स्तंभालेख लगेच तयार होतो आणि तो टीव्हीवर दाखवायचा मोह होतो. दाखवू नये. स्तंभ उंच कुठला ते दिसलं की दुसऱ्या फेरीत सगळे तिकडे जातात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात अशी पद्धत बसवली: आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर चर्चेतून सगळ्यात जास्त काही निघतं. त्याहून कमी असतील तर आधी शिकवावं लागतं, जास्त असतील तर पुढं जावं.

टीव्ही संगणक कक्षात होता. दाराशी चपलांचा ढीग पडला, मुलं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. मी एक बॅटरी आणि एक बल्ब जोडून दाखवला, धारा लपवलेलीच होती. मग दुसरा तसाच बल्ब त्याच रांगेत, म्हणजे एकसर जोडणीत, मांडून दाखवला, पण तारेचं शेवटचं टोक जोडलं नाही. प्रश्न असा: जोडल्यावर काय होईल? धन टोकाजवळचा बल्ब जास्त उजळेल, दोन्ही सारखे उजळतील, ऋण टोकाजवळचा जास्त उजळेल, की कुठलाच पेटणार नाही?

बहुतेकांनी धन टोकाजवळचा बल्ब निवडला. एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखी असते, हे वाक्य आदल्याच तासाला त्यांनी वहीत लिहिलेलं होतं आणि विचारल्यावर मोठ्यानं म्हणूनही दाखवलं असतं. मग ‘शेजाऱ्याला पटवून द्या’ म्हटलं. त्या गोंगाटात फिरताना मला जे ऐकू आलं, ते कुठल्याच ॲपवर आलं नसतं.

“मॅडम, हेडला पाणी जादा येतंय की. टेलला कुठं पोचतंय?” एका मुलानं सांगितलं. उजनीच्या कालव्याच्या गावात राहणाऱ्या मुलाचं हे म्हणणं. त्याच्या घरचं शेत बहुधा टेलला असावं, इतक्या ठामपणे तो बोलत होता. कालव्याचं पाणी वरच्या शेतानं घेतलं की खालच्याला कमी उरतं. धाराही तशीच, पहिला बल्ब खाऊन टाकतो. हा समज जगभरच्या मुलांमध्ये आढळतो, हे मी वाचलेलं होतं. पण त्याला इतका भक्कम स्थानिक आधार असेल, असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यात दोघी वेगळ्याच मुद्द्यावर भांडत होत्या. इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून निघतात ना, मग ऋण बाजूचा बल्ब आधी नाही का पेटणार? गणपतीत मंडळाच्या लाइटिंगचं काम करणारा एक जण म्हणाला, “माळंतला एक बल्ब उडाला की तेवढा तुकडा जातोय सगळा. पण उजळ तर सगळे सारखेच असतात.” त्याच्याकडे सिद्धान्त नव्हता, पण माळ त्यानं स्वतः हातानं लावलेली होती.

दुसऱ्या फेरीत ‘सारखे’ला बरीच मतं आली. तार जोडली. दोन्ही बल्ब सारखेच पेटले, आणि पहिला बल्ब आधीपेक्षा मंद झाला. आता मी धारेची टिक केली, ॲमीटर लावला. एकटा बल्ब असताना ०.९ ॲम्पिअर होते, आता ०.४५. बल्बाच्या आधीही तेवढेच, नंतरही तेवढेच. वर्गात एक क्षण शांतता झाली, आणि मग एक मुलगी म्हणाली, “पण पुढं अजून एक बल्ब आहे, हे मागच्याला कळतं कसं?”

या प्रश्नाचं उत्तर सिम्युलेशनमध्ये नाही. तिथं टोक जोडलं की सगळे इलेक्ट्रॉन एकदम हळू होतात, का ते दिसत नाही. मी टीव्ही बंद करून खडू घेतला. तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते, ते बॅटरीतून निघून बल्बापर्यंत प्रवास करत नाहीत. प्रत्यक्षात ते इतके सावकाश सरकतात की सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे जात नाहीत. रोध कुठंही वाढला तरी अख्ख्या कड्यातली चाल कमी होते. कालव्यात पाणी आधी हेडला येतं, इथं तसं आधी-नंतर काही नसतं. निरीक्षक सरांनी नंतर शेऱ्यात ‘साधनाचा वापर मर्यादित’ असं लिहिलं. त्यांनी पाहिलेल्या तासात टीव्ही निम्मा वेळ बंद होता, तेव्हा शेरा चुकीचा म्हणता येत नाही.

कालव्यावरचा मुलगा मात्र हलला नव्हता. “टीव्हीवर काय, तसं बनवलंय म्हणून तसं दिसतंय.” मला हा आक्षेप त्या तासातला सगळ्यात वैज्ञानिक वाटला. सिम्युलेशन निसर्ग दाखवत नाही, निसर्गाविषयी कुणीतरी लिहिलेले नियम दाखवतं. त्यातली बॅटरी कधी उतरत नाही, तार गंजत नाही, जोडणी सैल होत नाही.

पुढच्या तासाला मी टॉर्चचे दोन बल्ब आणि सेल घेऊन गेले. हे बल्ब मिळवणं हेही एक काम होतं. दुकानात सगळीकडे एलईडी. एका जुन्या इलेक्ट्रिकवाल्यानं मागच्या फळीवरून धूळ झटकून दोन काढून दिले, दोन वेगळ्या कंपन्यांचे. जोडले, तर एक स्पष्ट जास्त उजळ, आणि नेमका धन टोकाजवळचा. कालवा पक्षानं आरडाओरडा केला. मी गप्प राहिले, कारण खरं सांगायचं तर उत्तर मलाही लगेच सुचलं नव्हतं. ते सुचलं आदल्या दिवशी इलेक्ट्रॉनांवरून भांडणाऱ्या दोघींपैकी एकीला: “मॅडम, बल्बांची जागा बदला.”

बदलली. तोच बल्ब, आता ऋण टोकाजवळ, तरीही तोच जास्त उजळ. हेड-टेलचा प्रश्न तिथं संपला, कारण उजेड जागेबरोबर न बदलता बल्बाबरोबर गेला. कालव्यावरचा मुलगा स्वतः पुढे येऊन ते परत अदलाबदल करून बघत होता, तेव्हा टीव्ही बंदच होता.

आता सिम्युलेशनकडे परतायला कारण होतं. तिथं बल्बाचा रोध बदलता येतो. एक १० ओहमचा आणि एक २० ओहमचा बल्ब एकसर जोडले. जोडण्याआधी कार्डं वर झाली, आणि बहुतेकांनी १० ओहमचा बल्ब जास्त उजळेल असं सांगितलं, कारण ‘रोध कमी, म्हणजे धारा जास्त’. उजळला २० ओहमचा. धारा दोघांतून सारखीच, ०.३ ॲम्पिअर, त्यामुळे जिथं रोध जास्त तिथं शक्ती जास्त. टॉर्चच्या दोन बल्बांचं कोडं सुटलं. ते सुटल्यावर लगेच मी तेच दोन बल्ब समांतर जोडायला काढले आणि विचारलं, आता? सगळ्यांनी खात्रीनं २० वर करून दाखवला. तार जोडली तर १० ओहमचा दुप्पट शक्तीनं पेटला. वर्गातून एकदम ओरड झाली, कुणी तरी ‘हे फसवतंय’ असंही म्हणालं, आणि तेवढ्यात पुढच्या तासाचे हिंदीचे सर दारात उभे राहिले. घरातले बल्ब एकसर असतात की समांतर, हे घरी जाऊन शोधा, एवढंच मी चपला शोधणाऱ्या मुलांना ओरडून सांगू शकले.