सुईने लिहिलेली अक्षरे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लिननचे एक कापड आहे. त्यावर लाल रेशमाने, फुलीच्या टाक्यात, नुसता मजकूर भरलेला आहे, वेलबुट्टी नाही. एलिझाबेथ पार्कर या मोलकरणीने १८३०च्या सुमारास तो भरला. आत्मकथनांवर बोलताना मी या कापडाचा उल्लेख केला की ‘भरतकामाचा साहित्याशी काय संबंध?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी आधी ‘सॅम्पलर’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे.

इंग्लंडमध्ये शाळकरी मुली कापडावर मुळाक्षरे व आकडे भरीत, तो सॅम्पलर. सुखवस्तू घरच्या मुलीच्या सॅम्पलरवर घर, झाडे, पाखरे, एखादे धार्मिक पद्य असे आणि तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लागे. गरिबाच्या मुलीला अक्षरे भरायला शिकवीत ती चाकरीसाठी. धन्याच्या चादरी धुलाईत गहाळ होऊ नयेत म्हणून कोपऱ्यावर त्याची आद्याक्षरे व क्रमांक टाक्यांनी घालावे लागत. हॅना मोर या लेखिकेने १७८९पासून गरिबांसाठी शाळा काढल्या. तिथे वाचन शिकवीत, लेखन नाही. बायबल वाचता यावे, स्वतःचे म्हणणे मांडता येऊ नये! दात्यांची ही कृपा आपल्या वाचकांना नवी नाही.

एलिझाबेथ १८१३ची, ससेक्स परगण्यातल्या अ‍ॅशबर्नहॅमची. बाप मजूर, आई तिथल्या सरदारपत्नीच्या धर्मादाय शाळेत शिकवणारी. तेराव्या वर्षी ती चाकरीला लागली. पुढे एका लेफ्टनंटच्या घरी मालकाच्या वासनेला ती बधली नाही, तेव्हा तिला जिन्यावरून खाली फेकण्यात आले. वेळीच ती कोणाशी बोलली नाही. आत्महत्येचे विचार मनात घर करू लागले. मग धन्याच्या चादरींवर घालायचे तेच टाके तिने आपल्या हकीकतीसाठी घातले. मला लिहिता येत नाही, हे ती पहिल्याच ओळीत सांगते, आणि लिहूनच सांगते. शेवटी आपल्या आत्म्याचे काय होणार, या प्रश्नाशी वाक्य अर्धेच तुटते. खाली कापड कोरे आहे.

याला हस्तकला म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षकांना साहित्य कागदावरच दिसते. मात्र तिची व आपली स्थिती एकच मानण्याचा भाबडेपणाही नको. मजुराची मुलगी गरीब होती, अस्पृश्य नव्हती. चर्चचे दार तिला बंद नव्हते. आणि आपल्याकडे मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो लेखणीने. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेने मुलींच्या हाती सुईआधी लेखणी दिली होती.

एलिझाबेथ पुढे आईप्रमाणेच अ‍ॅशबर्नहॅमच्या धर्मादाय शाळेत शिक्षिका झाली. १८८९ मध्ये, ७६व्या वर्षी ती वारली.