दुआ, नमाज आणि 'दुवागीर'

जुनीं दप्तरें चाळतांना लहान आकाराच्या अरबी पोथ्या वारंवार हातीं येतात. त्यांवर 'कुराण' किंवा 'नमाजाचें पुस्तक' अशी चिठी लावून त्या बाजूस ठेवण्याचा प्रघात आहे. यांपैकीं पुष्कळ पोथ्या वस्तुतः दुआंच्या असतात. हा भेद न ओळखल्यास पोथीबरोबर तिच्या धन्याची हकीकतही हरवते.

नमाज ही नियत काळीं, ठरलेल्या क्रमानें व अरबी पाठानें करावयाची उपासना होय. 'दुआ' या शब्दाचा मूळ अर्थ हांक मारणें. ती भक्ताची खासगी याचना. तिला वेळेचें बंधन नाहीं, व नमाजाबाहेर ती स्वभाषेंतही करितां येते. हांक मारणारास ईश्वर उत्तर देतो, या कुराणांतील वचनाचा (2:186) तिला आधार आहे.

इस्तिखाऱ्याचें उदाहरण घेऊं. एखादें कार्य करावें कीं न करावें असा पेंच पडला असतां दोन रकात ऐच्छिक नमाज पढून ही दुआ म्हणतात. बुखारीच्या (मृ. 870) हदीससंग्रहांत ती जाबिर बिन अब्दुल्ला याच्या कथनावरून आली आहे. पाठ ठरलेला, परंतु आपलें कार्य कोणतें तें प्रत्येकानें स्वतः सांगावें, अशी सूचना तेथेंच आहे. म्हणजे शब्द सर्वांचे, गरज एकट्याची. पोथींत पाठ कोणता व सूचना कोणती, हें निरखून वाचावें.

सुन्नी संग्रहांत इब्नुल्-जझरीचा (मृ. 1429) 'हिस्नुल्-हसीन' प्रसिद्ध आहे; शिया परंपरेंत इमाम जैनुल्-आबिदीन यांच्या नांवें चालणाऱ्या 'सहीफा सज्जादिया'च्या रूढ प्रतींत 54 दुआ आहेत.

हाच शब्द आपल्या कागदांतही येतो. मोगली मदद-इ-मआश सनदांत धारकानें राज्याच्या चिरस्थायित्वासाठीं दुआ करीत असावें, असें कलम असे. मराठींतील 'दुवा' व 'दुवागीर' हे शब्द याच कुळींचे. अशा सनदेंतील दुआ केवळ शिष्टाचार समजूं नये. जमीन देण्याचें कारणच तेथें सांगितलेलें असतें.

संग्राहकांस एकच विनंती : नवी बांधणी करितांना समास कापूं नयेत. कोणती दुआ केव्हां व कशासाठीं म्हणावी, हें पुष्कळदां समासांतच लिहिलेलें असतें. तेवढें गेलें कीं पाठ उरतो, माणूस उरत नाहीं.