संगणक जाळ्यातील उपकरणांचा प्रारंभ : पत्ता, संरचना-फाईल आणि विश्वासाचा प्रश्न

संगणक जाळ्याला नव्याने जोडलेले उपकरण, मग तो संगणक असो, स्विच असो वा आयपी टेलिफोन, वीजपुरवठा सुरू होताच एका विचित्र कोंडीत सापडते. इतरांशी संपर्क साधण्यासाठी त्याला आयपी पत्ता हवा असतो. परंतु तो पत्ता मिळविण्यासाठी आधी इतरांशी संपर्क साधणे भाग असते. त्याच्याजवळ असतो तो केवळ निर्मात्याने दिलेला ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता. ही कोंडी कशी फोडली गेली आणि ती फोडताना कोणता प्रश्न मागे राहिला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१९८० च्या दशकात हार्ड डिस्क महाग असल्याने डिस्कविरहित वर्कस्टेशन वापरात आली. त्यांच्यासाठी १९८४ मध्ये आरएआरपी हा नियमसंच मांडला गेला. त्यात उपकरण आपला हार्डवेअर पत्ता सर्वांना उद्देशून कळवी व सर्व्हर त्यास आयपी पत्ता देई. पत्त्यापलीकडे काहीही मिळत नसे, आणि ही पृच्छा राउटर ओलांडत नसल्याने जाळ्याच्या प्रत्येक भागात स्वतंत्र सर्व्हर ठेवावा लागे. बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या बूटपीने हे दोन्ही दोष दूर केले. यात उपकरण ०.०.०.० या रिक्त पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या सार्वत्रिक पत्त्याकडे विनंती पाठविते. मधला राउटर ती दूरच्या सर्व्हरकडे पोहोचवू शकतो. आणि उत्तरात पत्त्याबरोबरच प्रारंभासाठी लागणाऱ्या फाईलचे नावही येते. तथापि कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता, ही नोंद व्यवस्थापकाला हातानेच ठेवावी लागे.

त्यावरील उपाय म्हणजे डीएचसीपी. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेले त्याचे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९७ मध्ये सुधारले गेले. बूटपीच्या संदेशाचा साचा आणि ६७ व ६८ हे पोर्ट त्यात कायम ठेवण्यात आले. शोध, प्रस्ताव, मागणी व मान्यता अशा चार संदेशांत उपकरणाला पत्ता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो. सामान्यतः निम्मी मुदत सरताच ते नूतनीकरण मागते.

पत्ता मिळाला म्हणजे काम संपत नाही. त्याच उत्तरातील ६६ व ६७ क्रमांकांचे पर्याय फाईलचा सर्व्हर व फाईलचे नाव सांगतात. ती फाईल बहुधा टीएफटीपीने आणली जाते. हा नियमसंच मुद्दाम इतका साधा ठेवला आहे की तो लहानशा रॉममध्येही मावावा. मूळ स्वरूपात फाईल ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी येते, प्रत्येक तुकड्याची पोच दिली जाते, आणि ५१२ हून लहान तुकडा आला की फाईल संपली असे समजले जाते. त्यात ना वापरकर्त्याचे नाव, ना परवलीचा शब्द, ना कूटलेखन. काही आयपी टेलिफोनांच्या फाईलचे नाव हार्डवेअर पत्त्यावरूनच बनते. हा पत्ता उपकरणाच्या चिठ्ठीवर छापलेला असल्याने, सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणारा कोणीही ती फाईल मागू शकतो.

मागे राहिलेला प्रश्न हाच. नवखे उपकरण उत्तर देणाऱ्याची ओळख पटवीत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कोणी सद्‌हेतूने घरगुती वाय-फाय राउटर भिंतीवरील सॉकेटला जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो. चुकीचा पत्ता घेतलेले संगणक जाळ्यातून तुटतात. ज्यांची मुदत शिल्लक आहे ते मात्र सुरळीत चालतात, त्यामुळे दोष तुकड्यातुकड्याने प्रकट होतो व शोधणाऱ्याची दिशाभूल करतो. हेतू वाईट असल्यास बनावट संरचना-फाईलही दिली जाऊ शकते.

२००१ मध्ये डीएचसीपी संदेशांच्या प्रमाणीकरणाचे मानक आले, परंतु ते फारसे रुजले नाही. त्यासाठी गुप्त किल्ली उपकरणात आधीच असावी लागते; म्हणजे हाताने संरचना करण्याचे जे काम टाळायचे होते, तेच पुन्हा पुढे उभे राहते! व्यवहारात स्विचवरील डीएचसीपी स्नूपिंग अधिक उपयोगी ठरले. त्यात केवळ विश्वसनीय ठरविलेल्या पोर्टवरून आलेलीच सर्व्हरची उत्तरे पुढे जातात. २०१९ मधील सुरक्षित शून्य-स्पर्श प्रारंभाच्या मानकात निर्माता कारखान्यातच उपकरणात प्रमाणपत्र घालतो आणि उपकरण स्वाक्षरी तपासून मगच संरचना स्वीकारते. अशी सोय नसलेल्या जुन्या टेलिफोन व स्विचसाठी स्नूपिंग, स्वतंत्र व्हीलॅन आणि टीएफटीपी सर्व्हरपर्यंतचा मर्यादित प्रवेश यांवरच भिस्त ठेवावी लागते.