मेंढरांमागचा संसार

दिवाळी सरली, बाजरी घरात आली, की माळरानावरच्या वाटा भरू लागतात. पुढे मेंढरांचा कळप. कळपामागे खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगर. दुसऱ्या वाटेनं घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड. त्या बिऱ्हाडावर कोंबड्या, दोन-चार कोकरं आणि त्यांच्याच शेजारी एखादं लहान मूल. मुलाची आई घोड्याची दोरी धरून पायी चाललेली असते.

आपण म्हणतो, "धनगरांचा वाडा आला." दोन दिवसांनी वाडा पुढं जातो. आपण विसरून जातो.

पुष्कळांना वाटतं, ही माणसं उगाच भटकतात. यांना घर नाही, दार नाही. पण हे खरं नाही. या माणसांना गाव आहे, घर आहे, कित्येकांना थोडी जमीनही आहे. त्यांच्या फिरण्यामागं पक्का हिशेब आहे. हा हिशेब काय, आणि तान्ही लेकरं घेऊन त्यांना का फिरावं लागतं, ते आपण या पाठात समजून घेऊ.

पावसाचा हिशेब

साताऱ्याकडचे माण, खटाव, फलटण हे तालुके घ्या. सांगलीकडचे आटपाडी, जत घ्या. नगर जिल्ह्यातला पारनेर घ्या. (नगर जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं.) हा सगळा कमी पावसाचा मुलूख. माण-खटाव भागात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. कधी तेवढाही पडत नाही. सह्याद्रीच्या पलीकडं कोकणात मात्र अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे पाच-सहा पट!

पावसाळ्यात माळावर कोवळं गवत उगवतं. तेव्हा मेंढरं घराजवळ चरतात. दिवाळीनंतर हे गवत वाळतं, संपतं. त्याच सुमारास कोकणातलं भात कापून होतं. खाचरं मोकळी पडतात. तिथं धसकटं असतात, बांधावर गवत असतं, झाडाला पाला असतो, ओढ्याला पाणी असतं. म्हणून वाडे घाट उतरतात. कुणी वरंधा घाटानं जातं, कुणी कुंभार्ली घाटानं, कुणी माळशेज घाटानं. सगळेच कोकणात जात नाहीत. काही वाडे देशावरच नदीकाठानं, बागायतीच्या कडेनं फिरतात.

मग ते कोकणातच का राहत नाहीत? कारण तिथला पाऊस मेंढीला सोसत नाही. अंगावरची लोकर भिजून राहते. चिखलात खूर कुजतात. मेंढरं आजारी पडतात. म्हणून पाऊस येण्याआधी वाडा पुन्हा घाट चढतो आणि आपल्या गावाकडं येतो. जाऊन-येऊन शेकडो किलोमीटर चालणं होतं, तेही पायी.

असं फिरणारे धनगरच आहेत असं नाही. हिमाचल प्रदेशातले गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन उंच डोंगरात चढतात. बर्फ पडण्याआधी खाली उतरतात. जिथं जेव्हा चारा, तिथं तेव्हा कळप. देश वेगळा, पण हिशेब तोच.

सगळं घर का निघतं?

कुणी विचारील, "गड्यानं मेंढरं घेऊन जावं. बायकोनं पोरांना घेऊन घरी राहावं. मग लेकरांची फरफट कशाला?"

याचं उत्तर कामात आहे. वाड्यावर रोज तीन कामं असतात.

पहिलं काम जागा ठरवण्याचं. एक जाणता माणूस पुढं जातो. कुणाचं शेत रिकामं आहे, पाणी कुठं आहे, कुणाच्या पिकाला धोका तर नाही ना, हे तो पाहतो आणि शेतकऱ्याशी बोलणी करतो.

दुसरं काम मेंढरं चारण्याचं. गडी आणि मोठी पोरं दिवसभर कळपामागं असतात. एक डोळा मेंढरावर, एक डोळा लोकांच्या पिकावर.

तिसरं काम बिऱ्हाड हलवण्याचं. हे बाईचं काम. भल्या पहाटे उठायचं, भाकऱ्या थापायच्या, पाल सोडायचं, घोड्यावर सगळं नीट बांधायचं. भार एका अंगाला गेला तर घोडं बसेल. नव्या जागी पोचलं की दगड साफ करायचे, पाल ठोकायचं, चूल मांडायची, पाणी-सरपण आणायचं. चालता न येणारी कोकरंही तिच्याच हवाली. त्यांना डालग्याखाली झाकायचं. संध्याकाळी आया आल्या की ज्याची त्याला पाजायची. शेकडो मेंढ्यांतून कोणतं कोकरू कुणाचं, हे तिला नेमकं ठाऊक असतं.

आता सांगा, ही बाई घरी राहिली तर वाडा चालेल का? नाही चालणार. जसं शेत नवरा-बायको मिळून कसतात, तसंच हे. फरक एवढाच, की यांचं शेत चार पायांवर चालतं. आई निघाली की अंगावर पिणारं मूलही निघालंच.

एका घराला एवढं मनुष्यबळ पुरत नाही. म्हणून भाऊ-भाऊ, सोयरे-धायरे अशी काही घरं एकत्र चालतात. यालाच वाडा म्हणतात. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळं, लावतात. कुत्री राखणीला असतात. लांडगा, बिबट्या आणि चोर या तिघांची भीती असते. एकट्या माणसाला हे जमत नाही.

शेतात मेंढरं बसवणं

वाडा आला तर गावाचा काय फायदा? पुष्कळ फायदा आहे.

रात्री मेंढरं शेतात बसवली की त्यांच्या लेंड्या आणि मूत तिथंच पडतं. ते खत आपण विकत आणत नाही, वाहून आणत नाही, पसरतही नाही. कोकणात मुसळधार पावसानं जमिनीचा कस वाहून जातो. तिथं तर हे खत मोलाचं.

आपण साधा हिशेब करू. एका मेंढीच्या लेंड्या रात्रीत पाव ते अर्धा किलो धरा. मेंढ्या ३००. म्हणजे एका रात्रीत ७५ ते १५० किलो खत. पाच रात्रींत ३७५ ते ७५० किलो. मूत वेगळं. याच्या बदल्यात शेतकरी भात, तांदूळ किंवा रोख पैसे देतो.

बोलणी कशी होते पाहा.

"मामा, यंदा किती रात्री बसवणार?"

"तुमी म्हनाल तितक्या. वावर केवढं हाय?"

"दीड एकर. पाच रात्री पुरे. पण शेजारच्या वालाला तोंड लागता कामा नये."

"त्याची जोखीम माझ्यावर. पन पान्याचं काय?"

"विहीर आहेच. घरच्या बायांना खुशाल भरू दे."

"पानी दिलंत, निम्मं पोट भरलं बघा."

हा व्यवहार बहुतेक तोंडी होतो. तोंडी ठरलं की पुढं कधी भांडण होतं. मेंढ्या किती, रात्री किती, द्यायचं काय, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्या. एक कागद शेतकऱ्याकडं, एक धनगराकडं. तुम्हाला आता लिहिता-वाचता येतं. शिकण्याचा असा रोकडा उपयोग करावा.

वाटेवरचं लेकरू

फिरत्या संसारात सगळ्यात अवघड काय? भूक नव्हे, चालणं नव्हे. अवघड आहे लेकराची काळजी.

पालात थंडी शिरते. अवकाळी पाऊस आला तर आडोसा नसतो. २०२१ सालच्या डिसेंबर महिन्यात अवकाळी पाऊस आणि गारठा एकदमच आला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पुष्कळ मेंढ्या जागच्या जागी दगावल्या. मेंढरं मेली तिथं लेकरांचे काय हाल झाले असतील, विचार करा.

काही गोष्टी मात्र आज हाताशी आहेत. त्या वाड्यावरच्या प्रत्येक आईला ठाऊक हव्यात.

लहान मुलाला लशी जन्मल्यावर, मग दीड महिन्यानं, अडीच महिन्यानं, साडेतीन महिन्यानं आणि नऊ महिने पुरे झाल्यावर द्यायच्या असतात. पुढंही काही असतात. त्या आपल्याच गावात घ्याव्या असं बंधन नाही. वाटेवरच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. फक्त माता आणि बालकाचं कार्ड जपून ठेवावं. कोणती लस झाली, कोणती राहिली, हे त्या कार्डावर असतं. घोंगड्याच्या घडीत ठेवा, पण हरवू नका.

बाळंतपणाची वेळ आली, किंवा कुणाला साप चावला, अपघात झाला, तर फोनवर १०८ हा आकडा लावावा. गाडी फुकट येते. आपण कोणत्या गावच्या शिवारात आहोत, हे मात्र नीट सांगता आलं पाहिजे. म्हणून नव्या जागी उतरलं की गावाचं नाव सगळ्यांनी पाठ करावं, पोरांनीसुद्धा.

रेशनचंही तसंच. २०२२ सालापासून सगळ्या राज्यांत ही सोय झाली आहे. आपल्या कार्डावरचं धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळतं.

शाळेचं काय?

आता खरी गाठ येते. शाळा जून महिन्यात उघडते. तेव्हा वाडा गावाजवळ असतो. पोर शाळेत जातं, अक्षरं गिरवतं, त्याला गोडी लागते. दिवाळी येते आणि वाडा निघतो. अर्धं वर्ष पदरात पडतं, अर्धं वाऱ्यावर जातं. पुढच्या वर्षी पोर परत येतं, तर जोडीदार पुढं गेलेले असतात. दोन-तीन वर्षं असं झालं की पोराचं मन शाळेवरून उडतं.

२००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला त्यानं मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. वर्षाच्या मध्येही त्याला बसवून घ्यावं लागतं.

कायदा चांगला आहे. पण ऊसतोडीची माणसं हंगामभर बहुतेक एका मुलखात राहतात. वाडा मात्र चार दिवसांनी हलतो. चार दिवसांसाठी कोणत्या शाळेत घालणार?

म्हणून घराघरांनी आपापल्या वाटा काढल्या आहेत. कुठं आजी-आजोबा गावी राहतात आणि नातवंडं सांभाळतात. कुठं एक भाऊ मेंढरांमागं जातो आणि दुसरा सगळ्यांच्या पोरांना घेऊन घरी राहतो. कुणी मुलं आश्रमशाळेत ठेवतात. तिथं राहण्या-जेवण्याची सोय असते. यांतली कोणतीही वाट सोपी नाही. सहा वर्षांचं लेकरू मागं ठेवून घाट उतरताना आईचा पाय जड होतो. शिवाय वाड्यावरचे कामाचे दोन हात कमी होतात. हा सौदा धनगर डोळे उघडे ठेवून करतो, पोराच्या पुढच्या दिवसांसाठी.

वाड्यावरची पोरं अडाणी असतात असं मात्र समजू नका. कोणतं गवत चांगलं, कोणता पाला विषारी, ढग कसा उठला म्हणजे पाऊस येतो, हे त्यांना लहानपणीच कळतं. कळपात एक मेंढी कमी असली तरी ओळखतात. ही विद्या आहे. तिला अक्षराची जोड हवी. ज्या वाड्यावर आई किंवा बाप वाचू लागला, तिथं रात्री चुलीपाशीसुद्धा पाटी निघते. रोज घटकाभर पुरे. दिवाळीपर्यंत शिकलेलं मग पुसत नाही.

आपण काय करावं?

माळरानं कमी होत आहेत. शेतांना आणि बागांना कुंपणं पडत आहेत. रस्त्यावर गाड्यांची गर्दी आहे. जाड लोकरीला भाव नाही. त्यामुळं काही घरांनी मेंढरं विकली. पण पुष्कळ घरं अजून चालतात, कारण त्यांचं पोट त्यावर आहे आणि आपल्या शेताचं खतही.

गावकऱ्यांनी वाड्याला पाणी द्यावं, उतरायला जागा द्यावी. धनगरांनी कुणाच्या उभ्या पिकात मेंढरू घालू नये. वाडा आला की अंगणवाडीताईला आणि आशाताईला निरोप द्यावा, "आमच्या शिवारात लहान लेकरं आली आहेत." एवढ्या निरोपानं एखाद्या बाळाची चुकलेली लस मिळेल. चार दिवसांचा का होईना, तो आपला शेजार आहे.

आता सांगा पाहू

१. वाडा दिवाळीनंतर का निघतो आणि पावसाळ्याआधी का परततो?

२. २०० मेंढ्या एका शेतात ४ रात्री बसल्या. एका मेंढीच्या लेंड्या रात्रीत पाव किलो धरल्या, तर एकूण खत किती?

३. शेतकरी आणि धनगर यांनी कोणत्या तीन गोष्टी कागदावर लिहाव्या?

४. तुमच्या गावी वाडा आला, तर त्यातल्या लहान मुलांसाठी तुम्ही काय कराल?