धान्यातली गोळी राहत्या घरात नको
गहू-ज्वारी भरताना किडीसाठी सल्फासची गोळी (ॲल्युमिनियम फॉस्फाईड) घरात ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. कोठीत गोळी अन् त्याच खोलीत पोरं झोपलेली, हे जिवावर बेततं. वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. गोळीवर पाणी तर मुळीच टाकू नका, वायू वाढतो.
घरात एकदम दोघा-तिघांना मळमळ, उलटी, धाप लागली तर पोट बिघडलं समजून थांबू नका. सगळे बाहेर पडा, लगेच दवाखाना गाठा, गोळीचं नाव सांगा. या विषावर उतारा नाही.
दाणा दाताखाली कट्टकन फुटेपर्यंत वाळवा, गार करून हवाबंद कोठीत भरा.